शब्द गिळणारा कॉम्प्युटर

जुळारीकाकांचा कॉम्प्युटर शब्द गिळायला लागला आहे, ही बातमी आधी जिन्यात पसरली आणि मग गल्लीत. पसरवणारे स्वतः काकाच. वरच्या मजल्यावरचा शिंपी असो, कोपऱ्यावरचा चहावाला असो, नाहीतर नुसता पत्ता विचारायला थांबलेला परका माणूस असो, काका त्याला धरून सांगत, "मी दाबतो, हा घेतच नाही. सहा शब्द दिले तर चार उमटवतो आणि दोन खाऊन ढेकर देतो. माझा वेग झेपत नाही त्याला." ऐकणारा मान डोलावे. कॉम्प्युटरला नावं ठेवली की कोणीही मान डोलावतो, कारण कॉम्प्युटर काही उलटून बोलत नाही.

उपायही काकांनीच शोधून काढला. कुठल्याशा दुकानाच्या जाहिरातीत त्यांनी 'ड्युअल कोअर प्रोसेसर' हे शब्द वाचले, जाहिरात फाडून आणली आणि टेबलाच्या काचेखाली सरकवून ठेवली. तेव्हापासून घरात दुसरा विषय नव्हता. सकाळी चहाबरोबर ड्युअल कोअर, दुपारी जेवताना ड्युअल कोअर. "घ्यायचा की नाही, एकदाचं ठरव," ते काकूंना म्हणत. काकू म्हणत, "ठरवू." आणि काही ठरवत नसत. आता त्या का ठरवत नव्हत्या, ते सांगायचं तर थोडं मागे जायला हवं.

जुळारी म्हणजे छापखान्यात उलट्या अक्षरांचे शिशाचे खिळे एकेक करून उचलून ओळी जुळवणारा माणूस. खिळे गेले, तो छापखाना गेला, त्याचा मालकही गेला, पण नाव तेवढं काकांना चिकटून राहिलं. त्या छापखान्यात काकूंचंही काम होतं. प्रूफ तपासणारा समोर छापलेलं पान घेऊन बसे आणि काकू त्याला मूळ लिखाण मोठ्यानं वाचून दाखवत. नुसते शब्द नव्हेत. स्वल्पविराम, अवतरणचिन्ह, नवा परिच्छेद, सगळं तोंडानं म्हणायचं. प्रूफ तपासणारे आजारी पडले की त्यांच्या खुर्चीवर जुळारी बसत. पुढे पुढे ते गृहस्थ फारच वारंवार आजारी पडायला लागले, आणि त्यांच्या आजारपणाचा चहा-नाश्ता जुळारींच्या खात्यावर असतो, असं छापखान्यात बोललं जाई. शेवटी या दोघांनी लग्न केलं तेव्हा त्या गृहस्थांची प्रकृती ठणठणीत झाली, ती कायमची.

छापखाना बंद पडला तेव्हा काका काही तरुण नव्हते. बरोबरचे जुळारी कोणी पहारेकरी झाले, कोणी घरी बसले. काकांनी मात्र कॉम्प्युटर आणला, शिव्या देत देत शिकून घेतला आणि घरीच पुस्तकांची अक्षरजुळणी सुरू केली. खिडकीशी टेबल, टेबलावर कॉम्प्युटर, आणि काकांच्या डाव्या हाताला वेताच्या खुर्चीत मूळ लिखाण घेऊन काकू. काकांना मान वर-खाली करत टाइप करणं कधी जमलंच नाही. काकूंनी वाचायचं आणि काकांनी जुळवायचं, हीच रीत. काकूंचं वाचन म्हणजे सरळ रेघ. रहस्यकथेतला खून असो की मुळ्याची लागवड, आवाज तोच. "पाणी बेतानंच घालावं स्वल्पविराम नाहीतर मुळं कुजतात पूर्णविराम नवा परिच्छेद." त्या थांबत नसत आणि काकांची बोटं त्यांच्या मागे अर्ध्या वाक्याच्या अंतरानं पळत. जिन्यातून येणाजाणाऱ्यांनी या घरातून अख्खी पुस्तकं ऐकली आहेत. शिंप्याची बायको तर एकदा दारात येऊन विचारून गेली, की त्या विहिरीत पडलेल्या मुलीचं पुढे काय झालं.

ही सवय त्यांच्या भांडणातही शिरली होती. "मी तुमच्या बहिणीबद्दल एक अक्षर बोललेले नाही उद्गारचिन्ह," असं काकू म्हणायच्या आणि काकांना हसू फुटलं की भांडण तिथेच संपायचं. त्यांची एकुलती एक मुलगी लहानपणी शाळेतही तसंच वाचायची आणि बाईंचा ओरडा खायची. ती आता दूरच्या शहरात नोकरीला होती आणि फोनवर मात्र इतरांसारखीच बोलायची.

तर असं सगळं सुरळीत चाललेलं असताना कॉम्प्युटर शब्द गिळायला लागला.

काकांनी आरडाओरडा केल्यावर काकूंनी फुंकरला बोलावलं. हा कॉम्प्युटर दुरुस्त करणारा गृहस्थ. कुठलंही यंत्र समोर आलं की तो आधी ते उघडतो आणि आत जोरात फुंकर मारतो. निम्मी दुखणी तेवढ्यानं बरी होतात, म्हणून त्याचं खरं नाव कोणाला आठवत नाही. पोट सुटलेला, केस पिकायला लागलेला, बोलका माणूस. त्यानं फुंकर मारली, शिंकला, आणि काकांनी विचारायच्या आत ड्युअल कोअर म्हणजे काय ते समजावून सांगायला लागला.

"कसं असतं काका, आत्ता याला डोकं एक आहे. एका वेळी एकच काम. त्या नव्याला डोकी दोन. एकानं ऐकायचं, दुसऱ्यानं करायचं."

"म्हणजे आम्हा दोघांसारखंच," काका म्हणाले.

"अगदी. फक्त ती दोन डोकी भांडत नाहीत."

काका खूष होऊन हसले आणि लगेच म्हणाले, "मग टाक बसवून." फुंकर म्हणाला की या जुन्या बोर्डावर तो बसणार नाही, बोर्डही बदलावा लागेल, आधी बघतो. मग तो काकांच्या खुर्चीत बसला आणि टाइप करून बघायला लागला. काकू स्वयंपाकघराच्या दारातून बघत होत्या. फुंकरची जाडजूड बोटं भराभरा चालली होती आणि पडद्यावर अक्षरं त्याच वेगानं उमटत होती. एकही गिळलं गेलं नाही. त्यानं पुन्हा एकदा टाइप करून बघितलं, कीबोर्ड उलटा करून झटकला, आणि मग मान वर न करता म्हणाला, "बघतो मी काय करायचं ते."

काकू त्याला दारापर्यंत सोडायला गेल्या. जिन्याच्या तोंडाशी तो चपलेत पाय घालत जरा जास्तच वेळ घुटमळला.

"काकू, घ्या म्हणालो तर माझाच फायदा आहे. पण मशीनला काही झालेलं नाही. तुमच्या कामाला ते पुरून उरतं."

"मग शब्द कुठे जातात?"

फुंकरनं एकदा आत काकांकडे बघितलं आणि जिना उतरला.

काका आंघोळीला गेले तेव्हा काकू आयुष्यात पहिल्यांदा त्या खुर्चीत बसल्या. एका बोटानं, शोधून शोधून, त्यांनी एक वाक्य टाइप केलं. दाबलं की उमटे. दाबलं की उमटे. वाक्य पुरं झालं, एक काना इकडचा तिकडे नाही. मग त्यांनी ते एकेक अक्षर करून पुसलं आणि आपल्या खुर्चीत येऊन बसल्या.

आता खरं सांगायचं, तर काकूंना हे त्या दिवशी कळलं असं नाही. कळलं होतं आधीच, फक्त कळून घ्यायचं नव्हतं. केव्हापासून कोण जाणे, त्या हळू वाचत होत्या. काका एखाद्या वाक्यापाशी अडत, "काय म्हणालीस?" विचारत. काकू ते वाक्य पुन्हा वाचत. मग त्यांनी विचारायची वेळच येऊ नये म्हणून काकू वाक्याचे दोन तुकडे करून वाचायला लागल्या. मग तीन. वाचनात चिन्हांनंतर श्वास घ्यायला लागल्या, तो कधी घेतला नव्हता. हे इतकं सावकाश होत गेलं की त्यांच्याच कानांना पत्ता लागला नाही. दुपारी काका पडत, तेव्हा काकू छापून काढलेली पानं घेऊन बसत आणि गळलेले शब्द, दोनदा आलेल्या ओळी लाल पेन्सिलीनं दुरुस्त करत. पूर्वी पानात एखादी लाल खूण असे. आता पान तांबडं व्हायला लागलं होतं. "हा कॉम्प्युटर म्हणजे," काका ते बघून म्हणत, आणि काकू म्हणत, "हो ना, मेला."

इतर कोणाची बायको असती तर तिला दुसऱ्याच दिवशी समजलं असतं. पण या बाईचा सगळा जन्म समोरच्याच्या बोटांकडे बघत वाचण्यात गेलेला. बोटं थांबली की जीभ थांबवायची, हे तिच्या हाडीमाशी मुरलेलं. नवऱ्याची घसरण तिनं आपल्याच आवाजानं इतकी बेमालूम झाकली, की ती झाकतेय हेही तिला दिसलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. पण मूठ उघडायची केव्हा, ते म्हणीत सांगितलेलं नाही.

आणि आता हा ड्युअल कोअर. घ्यावा की न घ्यावा? पैशांचा प्रश्न नव्हता. थोडी ओढाताण झाली असती, झाली तर झाली. प्रश्न वेगळाच होता. कॉम्प्युटर जुना होता तोवर दोष ठेवायला एक जागा होती. काका सकाळी त्याला शिव्या घालत, दुपारी त्याच्या डोक्यावर टपली मारत, आणि रात्री शांत झोपत. चूक यंत्राची होती. नवा प्रोसेसर आणला, सगळ्यात चांगला, दोन डोक्यांचा, आणि तरीही शब्द गळले, तर मग काका कोणाला शिव्या घालणार? त्या खोलीत मग दुसरं कोण उरत होतं?

म्हणून काकूंनी चालढकल सुरू केली. आधी म्हणाल्या, पुस्तकाचं काम होऊ दे, मध्येच उघडायला नको. मग म्हणाल्या, याहून चांगला येतोय म्हणतात, थोडं थांबू. शेवटी त्यांनी फुंकरला गाठलं आणि 'माल आलेला नाही' असं सांगायची गळ घातली.

"काकू, माझ्या धंद्यात लोकांना नको ती वस्तू गळ्यात मारायला खोटं बोलावं लागतं," फुंकर म्हणाला. "वस्तू विकू नका म्हणून खोटं बोलायला लावणाऱ्या तुम्ही पहिल्याच."

पण त्यानं सांगितलं. काकांनी फोन केला की म्हणे, "जहाजातच आहे हो काका अजून." काका फोन ठेवून खिडकीबाहेर बघत. जणू ते जहाज आता गल्लीच्या तोंडाशी येऊन लागणार होतं.

मुलीचा फोन यायचा. तिला या भानगडीचं काही माहीत नव्हतं, पण कान तर आईचेच घेतले होते. "आई, बाबांनी मला ती प्रोसेसरची गोष्ट एकाच फोनवर तीनदा सांगितली."

"उत्साह गं त्यांचा."

"आई, बाबांना एकदा कोणाला तरी दाखवायला हवं."

"कॉम्प्युटर दाखवलाय की," काकू म्हणाल्या. मुलगी म्हणाली, "जखम मांडीला आणि मलम शेंडीला." एवढंच. रागानं नाही, रडवेल्या आवाजात. काकूंनी 'दारावर कोणीतरी आलंय' असं सांगून फोन ठेवला. दारावर कोणी नव्हतं. डॉक्टरकडे जायला हवं हे काकूंना काय कळत नव्हतं? पण तिथे गेलं की त्या दुखण्याला नाव मिळणार, आणि नाव एकदा चिकटलं की सुटत नाही, हे जुळारीच्या बायकोला कोणी सांगायला नको होतं. कळत होतं, वळत नव्हतं.

त्या दिवसांत हातात बागकामाचं एक जाडजूड पुस्तक होतं. त्याची पहिली पानं, आता काकांचं काम छापणाऱ्या दुसऱ्या छापखानेवाल्याकडे गेली आणि त्याचा फोन आला. काकूंची नजर कुठेतरी चुकली होती. कलमं बांधायचा अख्खा परिच्छेद एकाखाली एक दोनदा छापला गेला होता. काकू म्हणाल्या, कॉम्प्युटर बिघडलाय. छापखानेवाला जुना, चेष्टेखोर माणूस. हसत हसत म्हणाला, "काय काकू, काकाच सांगायचे ना आम्हाला, नाचता येईना अंगण वाकडं?"

"अंगणच वाकडं आहे," काकू इतक्या जोरात म्हणाल्या, की तो चपापला. "वीसेक वर्षं तुमची पुस्तकं जुळवली त्यांनी. तेव्हा एक मात्रा चुकली नाही. आज अंगण वाकडं आहे म्हणून सांगतेय ना मी? मग आहे." त्यांनी फोन ठेवून दिला. काकांनी आतून विचारलं, "कोण होतं?" काकू म्हणाल्या, "रॉंग नंबर."

यानंतर थोड्याच दिवसांनी ती दुपार आली. गुलाबाच्या छाटणीचं प्रकरण चाललं होतं. काकूंनी चार शब्द वाचले, थांबल्या; चार शब्द वाचले, थांबल्या. काकांची बोटं कीबोर्डवर होती, पण हलत नव्हती. काकूंनी ते चार शब्द पुन्हा वाचले. बोटं तशीच. काका पडद्याकडे बघत नव्हते, आपल्या हातांकडे बघत होते. कोणीतरी परक्यानं आपल्या टेबलावर काहीतरी विसरून जावं आणि आपण ते कोणाचं म्हणून बघत राहावं, तसे.

"अगं," ते म्हणाले, "कधी कधी मला वाटतं..."

"काय?"

"की हा गिळत नसेल. म्हणजे, कॉम्प्युटर ठीकच असेल, आणि माझंच..."

काकू उभ्याच राहिल्या. मांडीवरची पानं जमिनीवर पसरली. "काहीतरीच काय बोलता! तो डबा किती जुना झालाय बघा. त्याच्यात आता काही राम उरलेला नाही. उद्याच्या उद्या आणूया तो तुमचा दोन डोक्यांचा. माल आलाय, फुंकरचा सकाळीच निरोप होता. मीच सांगायला विसरले."

काकांनी वर बघितलं. चेहरा हळूहळू उजळला. "आला? आणि तू विसरलीस? कमाल आहे तुझी. वय झालं तुझं!"

"झालं खरं," काकू म्हणाल्या आणि खाली वाकून पानं गोळा करायला लागल्या.

ते वाक्य पुरं होऊ दिलं असतं तर काय झालं असतं? कदाचित दोघं एकमेकांना धरून रडली असती आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे गेली असती. कदाचित ते बरंही झालं असतं. आयुष्यभर परक्यांची वाक्यं पूर्णविरामापर्यंत वाचलेली ही बाई, पण नवऱ्याच्या तोंडचं एक वाक्य तिला शेवटपर्यंत ऐकवलं नाही. जे टाळण्यासाठी तिनं इतके महिने प्रोसेसर येऊ दिला नव्हता, तेच टाळण्यासाठी तिनं तो एका क्षणात घेऊन टाकला. काकूंना तेव्हा हे दिसत नव्हतं का? दिसत होतं. पण घाबरलेल्या माणसाला समोरचा खड्डा तेवढा चुकवता येतो, पुढचा नाही.

फुंकर आला. या वेळी तो काकूंकडे एकदा बघून सरळ कामाला लागला. जुना बोर्ड निघाला, नवा बसला. नखाएवढ्या त्या चौकोनावर पांढरी पेस्ट लावून वर पंखा बसवताना काका त्याच्या खांद्यावरून वाकून बघत होते. "एवढासा? आणि यात दोन?" ते म्हणाले. कॉम्प्युटर सुरू झाला तो डोळ्याचं पातं लवायच्या आत. काकांनी तोंडात बोट घातलं. त्यांनी शिंप्याला बोलावून दाखवलं, शिंप्याच्या बायकोला बोलावून दाखवलं. कॉम्प्युटर तीनदा बंद करून तीनदा सुरू केला आणि तिन्ही वेळा टाळी वाजवली. इतके खुललेले ते कित्येक महिन्यांत दिसले नव्हते. काकूंनी सगळ्यांना चहा केला आणि स्वतः स्वयंपाकघरातच थांबल्या.

पहिले काही दिवस बरे गेले. खरोखरच बरे गेले. काकू आता एकेक शब्द सुटा करून वाचत होत्या, आणि काका तो टाइप करून, उमटलेला बघून, समाधानानं पुढच्या शब्दाची वाट बघत होते. दुपारी लाल पेन्सील जरा कमी चालायला लागली. काकूंना वाटलं, निभेल. असंच निभवत नेऊ. मूर्खासारखं वाटलं, पण वाटलं.

मग एका सकाळी काकांनी खुर्ची पुढे ओढली, बोटं मोडली आणि म्हणाले, "आज पूर्वीसारखं वाच."

"म्हणजे?"

"म्हणजे पूर्वीसारखं. न थांबता. आता याला झेपेल. होऊन जाऊ दे."

काकूंनी पान धरलं. नाही म्हणायला काही कारणच सापडेना. त्यांनी वाचायला सुरुवात केली, आणि जुना वेग जिभेला सापडायलाच दोन ओळी गेल्या. मग तो सापडला. "वेलीला आधार द्यायचा तो ती कोवळी असतानाच द्यावा स्वल्पविराम एकदा खोड कडक झालं की ते वळत नाही स्वल्पविराम मोडतं पूर्णविराम मांडवाची काठी..." कीबोर्डचा आवाज थांबला होता. काकू आणखी अर्धी ओळ वाचत गेल्या, सवयीनं, आणि मग त्याही थांबल्या.

पडद्यावर 'वेलीला आधार द्यायचा' एवढेच शब्द होते. तीन शब्द, स्वच्छ, एकही अक्षर न गळलेले. त्यांच्यापुढे ती उभी रेघ लुकलुकत होती, पुढचं मागत होती. नवा कॉम्प्युटर काहीही गिळत नव्हता. जेवढं दिलं तेवढं त्यानं उमटवलं होतं.

काका बराच वेळ ते बघत बसले. काकूंना वाटलं, आता तो डबा म्हणतील, शिवी देतील. देवा, एक शिवी देऊ दे त्यांना. पण काकांनी कॉम्प्युटरला काही म्हटलं नाही. त्यांनी खुर्ची वळवली आणि काकूंकडे बघितलं.

"तू केव्हापासून हळू वाचतेस?"

आवाजात राग नव्हता. काकूंनी पान डोळ्यांपुढे धरलं. त्यांना काहीतरी हवं होतं, कुठलंही, हाताला लागेल ते.

"डोळे हो," त्या म्हणाल्या. "अक्षर लागत नाही हल्ली नीट. वय झालं. म्हणून अडखळते मी, आणि तुमचाही ओघ तुटतो. माझ्याचमुळे होतंय सगळं. उद्याच जाते आणि नवा चष्मा करून आणते. मग बघा."

काका त्यांच्याकडे बघत राहिले. जुळारीची नजर ती. उलटं अक्षर सरळ वाचण्यात सगळी उमर गेलेली. काकूंच्या हातातलं पान हलत होतं आणि ते थांबवता येत नव्हतं. काकांनी हात पुढे करून त्या पानाची खालची कड धरली, तेव्हा ते स्थिर झालं.

"नको," ते म्हणाले. "चष्मा नको आणूस एवढ्यात."

काकूंनी मान वर केली.

"असू देत तुझे डोळे अधू," काका म्हणाले. "थोडे दिवस."

मग ते कॉम्प्युटरकडे वळले, बोटं कीबोर्डवर ठेवली आणि पुढच्या शब्दाची वाट बघत बसले. काकूंना पानावरची ओळ सापडायला फार वेळ लागला. तोवर ते थांबले.